गव्हाणी जागेवर आणा: चर्च कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि कमिटीचे सगळे सभासद,

प्रभूच्या नावात सलाम.

हे पत्र खरं तर मी बंद पाकिटात दिलं होतं, दोन महिने झाले त्याला. सेक्रेटरींनी हातात घेतलं, "मीटिंगला ठेवतो" म्हणाले, मीही विश्वास ठेवला. मग गेल्या रविवारी उपासना संपताना सूचना वाचल्या जात होत्या, त्यात बायबल क्लासची बदललेली वेळ आणि पार्किंगची सूचना यांच्या मधे एका वाक्यात कळलं की नाताळच्या कार्यक्रमासाठी गेल्या वर्षीच्याच स्पॉन्सर दुकानाबरोबर आता तीन वर्षांचं ॲग्रीमेंट झालंय. टाळ्या पण वाजल्या. माझ्या पत्राचं काय झालं विचारलं तर म्हणे वेळेअभावी विषय राहिला. म्हणून आता उघडच लिहितेय. आपल्या चर्चचं नाव मी लिहिणार नाही आणि त्या दुकानाचंही नाही, कुणाची बदनामी करायची नाहीये मला. दुसऱ्या कुठल्या चर्चमधल्या माणसाला वाचताना हे आपल्याच कमिटीबद्दल लिहिलंय असं वाटलं तर त्याला माझा इलाज नाही.

आधी मी कोण ते सांगते, कारण कमिटीतल्या नवीन लोकांना मी फक्त "ती संडे स्कूलवाली" म्हणून माहीत आहे. चौदा वर्षं मी मुलांना शिकवतेय. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे मीच शाळेत होते तेव्हापासून, आपल्या चर्चमधली गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, आमच्या घरचे लोक लावतात. तो गोठा माझ्या वडिलांनी पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्यांचा बनवलाय. गाढवाचा डावा कान दोनदा चिकटवून झालाय. एका मेंढपाळाची काठी हरवली तेव्हा वडिलांनी मोडक्या छत्रीची काडी कापून त्याच्या हातात दिली, ती अजून तशीच आहे, जवळून बघितलं तर टोकाला कापड शिवायचं बारीक भोक दिसतं. वडील गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. म्हणजे मी काही तटस्थपणे लिहीत नाहीये, माझा जीव अडकलाय त्यात, हे आधीच कबूल करते.

गेल्या वर्षीचा कार्यक्रम तुम्ही स्टेजवरून पाहिला, मी खालून पाहिला. खालून कसा दिसला ते सांगते.

पहिली गोष्ट गव्हाणीची. दरवाजातून आत आलं की उजव्या हाताला जी जागा आहे, जिथे दरवर्षी गोठा असतो आणि आत येणारं प्रत्येक लहान मूल आधी तिथे वाकून बघतं, तिथे सेल्फी पॉइंट आला. फायबरचा सांता, कापसाचा बर्फ आणि वर स्पॉन्सरचा बोर्ड, तो पण लायटिंगवाला. मी आठ दिवस आधी लावलेली गव्हाणी मला न विचारता उचलली होती. शोधत फिरले. शेवटी मागच्या पॅसेजमध्ये जनरेटरच्या बाजूला, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीमागे सापडली. गोठ्याच्या छपरावर कुणीतरी कुपनांच्या पुस्तकांचा खोका ठेवला होता त्याने मधली फळी वाकली होती, आणि बाळ भिंतीकडे तोंड करून आडवं पडलं होतं. मी विचारलं तर कमिटीतले एक जण म्हणाले, "अहो ताई, जागाच नव्हती." आपण काय बोललो ते त्यांना कळलंही नाही. लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायातलं सातवं वचन आहे ते, उतारशाळेत जागा नव्हती म्हणून मरीयेने बाळाला गव्हाणीत ठेवलं. मला आधी हसू आलं, मग रडू.

दुसरी गोष्ट, आणि खरं सांगायचं तर हे पत्र हिच्यासाठीच आहे, बाकीचं सगळं मी कदाचित गिळलं असतं. रिबनच्या रांगा. ज्यांच्याकडे स्पॉन्सरच्या दुकानातलं ठराविक रकमेच्या वरचं बिल होतं त्यांच्या मुलांना मनगटाला लाल रिबन आणि मोठं गिफ्ट. ज्यांच्याकडे बिल नाही त्यांना हिरवी रिबन आणि छोटं पाकीट, त्यात एक पेन्सिल, एक खोडरबर आणि दुकानाचं पत्रक. ही आयडिया कुणाच्या डोक्यातून निघाली मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा, नऊ वर्षांचा, चुकून लाल रांगेत उभा राहिला, चुकून म्हणजे काय तर त्याचा दोस्त त्या रांगेत होता म्हणून हा पण तिथे. पुढे पोचल्यावर माइकवरून सांगितलं गेलं, "बेटा तू हिरवा आहेस ना, तिकडे जा." लोक हसले. वाईट मनाने नाही, लहान मुलांना हसतात तसे. तो गेला तिकडे, मान खाली घालून, रिबन दुसऱ्या हाताने झाकत.

पुढच्या रविवारी मी वर्गात मेंढपाळांची गोष्ट घेतली. विचारलं, येशू जन्मल्याची बातमी घेऊन देवदूत सगळ्यात आधी कुणाकडे गेला? हा मुलगा हात वर न करताच म्हणाला, "मिस, हिरव्यांकडे."

मला पुढे शिकवता आलं नाही त्या दिवशी, चित्रं रंगवायला दिली आणि बसून राहिले. आणि वर्ग सुटल्यावर त्याच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं की पुढच्या वर्षी तो कार्यक्रम कोणत्या दिवशी आहे ते आधी सांगाल का, म्हणजे मी त्या दिवशी याला घरीच ठेवेन. नाताळला मुलाला चर्चपासून लांब ठेवायची वेळ त्या बाईवर आपण आणली, पाळकसाहेब. बाहेर मॉलमध्ये, शाळेत, शेजारी, सगळीकडे डिसेंबरभर तिला तिची ऐपत आठवण करून दिली जातेच, ही एक जागा होती जिथे कुणी बिल मागत नव्हतं.

तुम्ही मला शास्त्र शिकवाल एवढं तुम्हाला येतं, मी संडे स्कूलवाली, पण लूकमध्येच थोडं पुढे चोविसावं वचन बघा. बाळाला घेऊन मरीया आणि योसेफ यरुशलेमच्या मंदिरात गेले, तिथे अर्पण काय करायचं, तर होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं. हे असंच लिहिलेलं नाही. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नियम आहे की अशा वेळी कोकरू आणायचं, पण ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पक्षी आणावेत. म्हणजे मंदिरात उभे असलेले येशूचे आईबाप हिरव्या रांगेतले होते. फरक एवढाच की त्या नियमात पक्षी आणणाऱ्याचं अर्पण तेवढंच पुरं धरलं जायचं, त्याला कमी आशीर्वाद आणि वर पत्रक असं नव्हतं. आणि बाळ जन्मायच्या आधी मरीयेने जे गीत गायलं त्यात भुकेले भरल्या पोटी आणि श्रीमंत रिकाम्या हाती जातात. आपल्याकडे बरोबर उलटं झालं, ते पण रिबन बांधून.

तिसरं, लोगो. नाताळच्या उपासनेच्या पत्रिकेवर पहिल्या पानावर दुकानाचा लोगो, आतल्या पानावर ऑफर. मधे कुठेतरी शास्त्रपाठ. याच्यावर जास्त लिहीत नाही, पत्रिका तुमच्याकडे असेल, काढून बघा.

चौथं ते गिफ्ट एक्सचेंज. मंडळीतल्या मोठ्यांसाठी, चिठ्ठीत नाव काढून, आणि त्याला कमीत कमी किती रकमेचं गिफ्ट हवं ते ठरवून दिलेलं. मला जे मिळालं ते अजून खोक्यात आहे आणि मी ज्यांना दिलं त्यांनी ते दुसऱ्या कुणाला दिलं असणार, मला खात्री आहे, मीच असते तर दिलं असतं. खजिनदारांना हिशोब आवडतो म्हणून सांगते, १९९३ मध्ये जोएल वाल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारून नाताळच्या भेटींचा हिशोब मांडला होता. देणाऱ्याने जेवढे पैसे घातले त्यापेक्षा घेणाऱ्याच्या लेखी त्या वस्तूची किंमत कमी निघाली, दहा टक्क्यांपासून ते जवळपास एक तृतीयांशापर्यंत कमी. म्हणजे धर्म बाजूला ठेवला तरी नुसत्या बाजाराच्या भाषेत पण हा धंदा तोट्याचा आहे.

आता तुमचं म्हणणं. मला माहीत आहे ते, कारण मी तीन जणांशी बोलले आणि तिघांनी तेच सांगितलं. एक, जमाना बदललाय, मुलांना सांता हवा असतो. दोन, फंड लागतो.

सांताबद्दल माझं काही वाकडं नाही, उलट माझं म्हणणं आहे की सांताच नीट आणा. सांता ज्याच्यावरून आला तो निकोलस मायरा गावचा बिशप होता, चौथ्या शतकातला, ते ठिकाण आज तुर्कस्तानात आहे, त्याचा दिवस ६ डिसेंबर. त्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे एका गरीब बापाच्या तीन मुली, लग्नाला पैसे नाहीत, मुलींवर काय वेळ येईल सांगता येत नाही, तर निकोलस रात्री अंधारात येऊन खिडकीतून सोन्याची थैली टाकून जातो. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी बाप त्याला पकडतो तेव्हा तो म्हणतो, कुणाला सांगू नकोस. गोष्ट किती खरी ते इतिहासवाले बघतील पण गोष्टीचा जीव कशात आहे ते नऊ वर्षांच्या मुलालाही कळतं, घेणाऱ्याला मान खाली घालायला लागू नये म्हणून देणारा लपतो. आपल्या सांताकडे माइक होता, फोटोग्राफर होता आणि बिल चेक करायला बाजूला एक मुलगा बसवला होता.

(इथे एक फुकटची माहिती, दर डिसेंबरला व्हॉट्सॲपवर फिरतं की सांताचा लाल कोट कोका-कोलाने बनवला. तसं नाहीये. त्यांच्या जाहिरातीतला हॅडन सन्डब्लोम या चित्रकाराचा सांता १९३१चा, त्याच्या कितीतरी आधी थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने लाल कोटातला सांता काढला होता. कंपनीने तो घराघरात पोचवला हे मात्र खरं. चुकीचं फॉरवर्ड करून आपण बरोबर मुद्दा हरतो म्हणून सांगितलं.)

आणि "पूर्वी सगळं कसं पवित्र होतं" असलं रडगाणं मी गाणार नाही. पूर्वीही भांडणंच होती. पहिली काही शतकं ख्रिस्तजन्माचा सणच नव्हता, रोममध्ये २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी नोंद ३३६ सालची मिळते. पुढे नाताळात खाणंपिणं आणि धिंगाणा इतका वाढला की प्युरिटन म्हणजे कडक प्रोटेस्टंट लोकांनी इंग्लंडमध्ये १६४७ला नाताळ बंदच करून टाकला, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता. मला तसलं काही नकोय. बंदी घालणाऱ्यांनी पण गोठ्यातल्या बाळाचं काही भलं केलं नाही.

पण बाजार आपल्या सणात कसा शिरतो ते बघण्यासारखं आहे. एकच वर्ष घ्या, १९३९. त्या वर्षी अमेरिकेत मॉन्टगोमेरी वॉर्ड या दुकानाने आपल्या एका जाहिरात लिहिणाऱ्याकडून मुलांसाठी गोष्ट लिहून घेतली आणि चोवीस लाख प्रती गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटल्या, आपण ज्याला सांताचं लाल नाकाचं रेनडिअर म्हणतो ते तिथून आलं. शुभवर्तमानातल्या जन्माच्या गोष्टीत गाढव पण लिहिलेलं नाही आणि दुकानाच्या पुस्तिकेतलं रेनडिअर आपल्या मुलांना नावानिशी पाठ आहे. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी दुकानदारांच्या सांगण्यावरून थँक्सगिव्हिंग हा तिथला नोव्हेंबरातला सण आठवडाभर अलीकडे आणला, कारण काय तर नाताळच्या खरेदीला दिवस जास्त मिळावेत. पुढे १९४१ला त्यावर कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. म्हणजे दुकानाला दिवस हवे असले की तारीख हलते. तेव्हा सरकारने हलवली, आता आपण हलवतोय.

कशी ते बघा, माझी पाचवी तक्रार तीच आहे. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, चार रविवार हे वाट बघायचे रविवार. जुन्या चर्चमध्ये हा उपवासाचा काळ होता, त्या दिवसांत चर्चमध्ये असतो तो जांभळा रंग त्याचाच. सण २५ला सुरू होतो आणि बारा दिवस चालतो, ६ जानेवारीला ज्ञानी लोकांच्या भेटीचा सण येतो. आपण काय केलं? नोव्हेंबरमध्येच बॅनर लागले कारण सेल तेव्हा सुरू झाला, आगमनाच्या दुसऱ्या रविवारी "नाताळ धमाका" झाला, आणि २६ तारखेला सकाळी मी आले तर दोन माणसं शिडीवर चढून तारा उतरवत होती. मी म्हटलं अहो अजून दुसराच दिवस आहे, तर ते म्हणाले मॅडम आमचं काँट्रॅक्ट पंचवीसपर्यंतच आहे, पुढे दुसरीकडे न्यू इयरचं लावायचंय. त्यांची काय चूक, ते बिचारे रोजावरचे. पण ज्या दिवशी आपला सण सुरू होतो त्या दिवशी दुकानाचा संपतो आणि आपण दुकानाचं कॅलेंडर पाळलं, हे कुणालाच खटकलं नाही का? माझ्या वर्गातली मुलं २५ तारखेला कंटाळलेली होती. खरंच सांगते, कंटाळलेली, महिनाभर तेच गाणं तेच गिफ्ट ऐकून ऐकून. वाट बघायलाच मिळाली नाही तर काही आल्याचं कळणार कसं त्यांना.

फंडाबद्दल. छप्पर गळतं, मला माहीत आहे, माझ्याच वर्गात गळतं, बादली मीच ठेवते. स्पॉन्सरचे पैसे वाईट असं मी म्हणत नाही, दुकानदाराने द्यायचे तर द्यावेत, बाकी सगळे देतात तसे पेटीत टाकावेत, पावती घ्यावी. आपल्याच मंडळीतले कितीतरी लोक नाव न सांगता देतात. छपरासाठी मी घरोघर जायला तयार आहे आणि संडे स्कूलची आम्ही चौघी मिळून जाऊ, ही नुसती बोलायची गोष्ट नाही, रविवार सांगा.

आणि मी पण काही संत नाही. गेल्या डिसेंबरच्या सेलमध्ये मी मुलीला मोबाईल घेतला, हप्त्यावर, तिने मागितला पण नव्हता, मैत्रिणींकडे आहे म्हणून मीच घेतला. खोकं उघडल्यावर दहा मिनिटं आनंद होता. हप्ते मात्र अकरा महिने फिटत होते. म्हणूनच मला हे कळतं की त्या लाल रांगेतले आईबाप पण सगळेच काही आनंदाने बिल घेऊन आलेले नव्हते, त्यातले दोघं तरी मला माहीत आहेत ज्यांनी मुलाला हिरवी रिबन बांधली जाऊ नये एवढ्यासाठी गरज नसताना खरेदी केली.

कुणी म्हणेल एवढं काय त्या गव्हाणीचं, ते पण डेकोरेशनच. इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ साली संत फ्रान्सिस असिसीकरने नाताळच्या रात्री खरं गवत आणि खरा बैल, खरं गाढव आणून गव्हाणी मांडली, त्याला त्या बाळाची अडचण, ते गवतावर निजणं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. सोनं, मखमल यांची चर्चमध्ये तेव्हाही कमी नव्हती, त्याने मुद्दाम गवत आणलं. आठशे वर्षं लोक ते मांडतायत. आत येणाऱ्या माणसाने आधी काय बघायचं हे त्यातून ठरतं, म्हणून ती दाराशी असते आणि म्हणूनच दुकानालाही तीच जागा हवी होती, त्यांना धंदा कळतो.

तर माझ्या मागण्या. गव्हाणी दाराशी उजव्या हाताला, तिच्या जागेवर, आणि ६ जानेवारीपर्यंत ती कुणी हलवायची नाही. चर्चच्या आवारात मुलांना बिल बघून, रिबन बांधून किंवा इतर कुठल्याही पद्धतीने वेगळं करायचं नाही, सगळ्यांना एकच पाकीट, नाहीतर कुणालाच नको. उपासनेच्या पत्रिकेवर आणि वेदीच्या बाजूला कसलाही लोगो नको. गिफ्ट एक्सचेंज करायचंच असेल तर रकमेची अट काढा. आगमनाचे चार रविवार मोकळे ठेवा, कार्यक्रम २५च्या नंतर घ्या, बारा दिवस आहेत आपल्याकडे. आणि ते तीन वर्षांचं ॲग्रीमेंट मंडळीसमोर वाचून दाखवा, त्यात काय काय लिहून दिलंय ते आम्हाला कळू दे, आणि त्यावर मंडळीचं मत घ्या. मोडता येत नसेल तर तसं सांगा, मग निदान पुढच्या वेळी सही करायच्या आधी विचारा.

एक राहिलं, ही मागणी नाही, विनंती आहे पाळकसाहेब. त्या मुलाच्या घरी तुम्ही स्वतः जा. कमिटीला घेऊन नको, फोटोग्राफर तर नकोच. एकटे जा, थोडा वेळ बसा.

मी वाकलेली फळी बदललीय. गाढवाचा कान या वेळी ठीक आहे. आगमनाच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी चार वाजता, मी खोकं घेऊन येतेय, तो मुलगा पण येतो म्हणालाय मदतीला, छत्रीच्या काडीवाला मेंढपाळ त्याला स्वतः ठेवायचाय. मोठ्या दाराची चावी हल्ली कुणाकडे असते तेवढं कळवा.

तुमची,
संडे स्कूलवाली